पक्ष, पेढी आणि छापखाना

अमेरिकेच्या राजकारणाचे विवेचन करताना राजकीय पक्ष, हितसंबंधी गट आणि वृत्तपत्रे ही त्रयी हटकून पुढे येते. उमेदवार पक्ष निवडतो, त्याची थैली उद्योगसमूह भरतात आणि मतदारासमोर त्याची प्रतिमा वृत्तपत्रे व वाहिन्या उभी करतात. राजधानीतील मंत्रालयांत वावरणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांना हे चित्र अपरिचित नाही. एखादे विधेयक संसदेत येण्याआधी कोणकोणत्या दालनांतून फिरून येते, हे त्यांना बातमीदारांपेक्षा अधिक ठाऊक असते. मात्र आपल्याकडे हा सारा व्यवहार खासगी वाहिन्यांच्या आगमनानंतर, फार तर आर्थिक उदारीकरणानंतर सुरू झाला, असा एक समज रूढ आहे. हा समज किती उथळ आहे, हे पाहण्यासाठी वॉशिंग्टनला जाण्याची आवश्यकता नाही. जबलपूरला गेले तरी पुरते.

ओमती हा जबलपूरचा जुना भाग. शहरातून वाहणाऱ्या ओमती नाल्यावरून त्याला हे नाव मिळाले. इंग्रजी अमदानीत या नाल्याच्या एका अंगाला बाजारपेठेचे गजबजलेले शहर होते आणि दुसऱ्या अंगाला साहेबांची वस्ती, कचेऱ्या व छावणी होती. नाल्याच्या अलीकडच्या माणसाला पलीकडे आपले म्हणणे पोहोचवायचे असेल तर अर्ज करणे, शिष्टमंडळ नेणे किंवा वजनदार मालगुजाराला मध्यस्थ घालणे, हे तीनच मार्ग होते. विधिमंडळ जवळजवळ नव्हते आणि होते त्यात सामान्य माणसाला मत नव्हते. या शहरात चौथा मार्ग घालण्याचा ज्यांनी प्रयत्न केला, त्यांत पंडित माधवराव सप्रे यांचे स्थान अग्रभागी आहे. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी अनुवादक, एवढ्या एका ओळीपुरते उरले आहे. या उपेक्षेचे कारण त्यांच्या चरित्रातच सापडते, आणि ते राजकीय आहे.

सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, बाजाराची आणि मित्रांची हिंदी. १७८१ नंतर या मुलखावर मराठ्यांचा अंमल आला आणि १८१७ साली तो संपला, पण त्या अंमलाबरोबर आलेली कुटुंबे मागेच राहिली. नंतर इंग्रजी कचेऱ्यांतील नोकरीने त्यांत भर घातली. दिल्लीतील मराठी नोकरदाराची आजची स्थिती आणि त्या काळच्या जबलपूर, सागर, दमोह येथील मराठी घरांची स्थिती यांत बरेच साम्य आहे. घरात एक भाषा, दप्तरात दुसरी, शेजारी तिसरी. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाल्यावर सप्रे काही काळ जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजात होते. १८३६ साली सागर येथे स्थापन झालेली ही शिक्षणसंस्था १८७३ मध्ये जबलपूरला आली होती. पुढे कंत्राटाचा धंदा, ग्वाल्हेरला वास्तव्य, असे वळसे घेत १८९८ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळविली. पदवीधरास त्या वेळी सरकारी चाकरी सहज लाभत असे. थोरले बंधू त्या चाकरीतच होते. सप्रे यांनी मात्र पेंड्रा येथील राजकुमारांना शिकविण्याचे काम पत्करले आणि त्या पगारातून काही शिलकीत टाकून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले.

त्यांच्या राजकीय चरित्राचा आरंभ येथे होतो. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहकारी. प्रकाशक मराठी, संपादक मराठी आणि मासिक हिंदी. पेंड्रा येथे छापखाना नव्हता. मासिक प्रथम रायपूरला आणि नंतर नागपूरच्या ‘देशसेवक’ छापखान्यात छापले जाई. त्यामागे पक्ष नव्हता की पेढी नव्हती. तीन मित्रांची पदरमोड आणि वर्गणीदारांचा भरवसा, एवढेच त्याचे भांडवल. याच मासिकात १९०१ साली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिल्या लघुकथांमध्ये तिची गणना होते आणि पहिली कोणती यावर हिंदी समीक्षकांत वाद चालूच असतो. राजकारणाच्या अभ्यासकाने त्या वादात पडण्याचे कारण नाही. त्याने पाहावा तो कथेचा विषय. एक जमीनदार आपल्या वाड्यालगतची विधवेची झोपडी कज्जेदलालीच्या बळावर गिळंकृत करतो, ही ती कथा. मध्य प्रांतात सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये मालगुजारांचा जो वर्ग इंग्रजी राज्याने मान्य केला होता, त्याच्या सत्तेचे असे चित्र त्या काळच्या राजकीय सभांच्या ठरावांत क्वचितच उमटले असेल. कारण उघड आहे. सभा भरवायला लागणारा पैसा पुष्कळदा त्याच वर्गाकडून येत असे.

वर्गणीदारांचा भरवसा तीन वर्षे पुरला. १९०२ अखेर तोटा सोसवेना म्हणून मासिक बंद पडले. दरम्यान काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा तयार करण्याचे काम सप्रे यांनी केले. राजभाषा विभागाच्या परिपत्रकांनी त्रस्त झालेल्या मराठी अधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ज्या हिंदी परिभाषेशी त्यांची रोज झटापट होते, तिच्या पायाभरणीत एका मराठी माणसाचा हात होता.

१९०५ च्या वंगभंगानंतर सप्रे नागपुरास आले. १९०६ मध्ये त्यांनी हिंदी ग्रंथमाला काढली. तिच्यातील स्वदेशी व बहिष्कार या विषयावरची पुस्तिका सरकारला झोंबली आणि पुढे ती जप्त झाली. १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी ‘हिंदी केसरी’ सुरू केला. नावावरूनच संबंध स्पष्ट होतो. टिळकांचे मराठी विचार हिंदी मुलखात नेणारे हे पत्र होते. ‘छत्तीसगढ मित्र’ मित्रांचे होते, ‘हिंदी केसरी’ राष्ट्रीय पक्षाचा झाला. वर्गणीदार शोधावे लागले नाहीत, कारण वाचक म्हणजेच अनुयायी होते. पण त्याचबरोबर पक्षाचे भांडण हे पत्राचे भांडण झाले आणि पक्षावरचा वार पत्रावर पडू लागला.

हे भांडण कसले होते, हे आज विसरले गेले आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरात व्हायचे ठरले होते. अध्यक्ष कोण, या प्रश्नावरून स्वागत समितीत नेमस्त आणि जहाल यांच्यात उभी फूट पडली. एका बाजूला सर गंगाधरराव चिटणवीस यांच्यासारखे धनवान जमीनदार आणि सर बिपिनकृष्ण बोस यांच्यासारखे मान्यवर वकील होते. दुसऱ्या बाजूला डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्यासारखे तरुण आणि त्यांच्या पाठीशी ‘देशसेवक’ व ‘हिंदी केसरी’ ही पत्रे होती. एकाकडे तिजोरी, दुसऱ्याकडे छापखाना, असा हा सामना होता. तिजोरीला अधिवेशन भरवता आले नाही आणि छापखान्याला ते थांबवता आले, एवढाच त्याचा निकाल. अधिवेशन सुरतेला हलविले गेले आणि तेथे डिसेंबर १९०७ मध्ये काय झाले हे सर्वश्रुत आहे. सुरतेच्या मंडपात जे फुटले, त्याला पहिला तडा नागपुरात गेला होता. पक्षाच्या अंतर्गत निर्णयावर वृत्तपत्राने एवढा प्रभाव पाडल्याची उदाहरणे भारतीय राजकारणात त्यापूर्वी फार थोडी असतील. हा प्रभाव सर्वस्वी हितकर होता, असे मात्र म्हणता येत नाही. पुढची नऊ वर्षे काँग्रेस दुभंगलेली राहिली.

सरकारने उत्तर दिले ते कायद्याने. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये नागपुरात सप्रे आणि ‘देशसेवक’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांना अटक झाली. आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खालील राजद्रोहाचा. हे कलम १८७० साली संहितेत घातले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याचा अंमल स्थगित केला आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या संहितेतील कलम १५२ जुन्या कलमाचाच नवा अवतार आहे की काय, हा वाद कायदेपंडितांत चालू आहे.

अमेरिकेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. त्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रे उघडउघड पक्षांची होती. हॅमिल्टन यांच्या गटाचे एक पत्र, जेफर्सन यांच्या गटाचे दुसरे, असा रोखठोक कारभार होता. १७९८ मध्ये अध्यक्ष ॲडम्स यांच्या पक्षाने काँग्रेसमधील बहुमताच्या जोरावर राजद्रोहाचा कायदा केला आणि जेफर्सन यांच्या बाजूच्या संपादकांना तुरुंगात धाडले. पण १८०० ची निवडणूक आली. मतदारांनी ॲडम्स यांना घरी बसविले, १८०१ साली तो कायदा मुदत संपून लयास गेला आणि जेफर्सन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. तेथे माफी राज्यकर्त्याने संपादकाला दिली. नागपूरच्या कैदेत असलेल्या सप्रे यांच्यापुढे अशी कोणतीही निवडणूक नव्हती. पक्षाचा नेता मंडालेच्या वाटेवर होता, पक्ष विखुरलेला होता. मागितल्यास माफी त्यांनीच मागायची होती.

आणि ती त्यांनी मागितली. नोव्हेंबर १९०८ मध्ये क्षमापत्र लिहून देऊन सप्रे सुटले. थोरल्या बंधूंची सरकारी नोकरी, त्यांच्यावर अवलंबून असलेले एकत्र कुटुंब आणि त्या बंधूंनी घातलेला निर्वाणीचा गळ, ही कारणे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहेत. त्यांच्या राजकीय जीवनातील हा प्रसंग झाकून ठेवण्याची प्रथा हिंदीतील गौरवलेखांत आढळते, ती योग्य नव्हे. तशीच त्या एका कागदावरून त्यांना भित्रे ठरविण्याची प्रथाही योग्य नव्हे. इंग्रजी राज्याला बांधून ठेवणारा सर्वांत बलिष्ठ हितसंबंध जमीनदारांचा नव्हता की गिरणीवाल्यांचा नव्हता. महिन्याच्या पगाराने सरकारशी जोडलेल्या मध्यमवर्गीय घरांचा तो होता. एक भाऊ कचेरीत आणि एक भाऊ चळवळीत, हे त्या काळच्या मराठी घराचे सर्वसाधारण चित्र. पहिल्याच्या पगारावर दुसऱ्याचे देशकार्य चाले आणि सरकारला हे पक्के ठाऊक होते. राजद्रोहाच्या कलमापेक्षा या नात्याची पकड अधिक घट्ट ठरली.

सुटकेनंतर सप्रे सार्वजनिक जीवनातून बाहेर पडले. वर्ध्याचे रामदासी श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले. काही काळ त्यांनी माधुकरी मागून निर्वाह केला. या प्रायश्चित्तातून समर्थांच्या ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद झाला. १९१५ मध्ये टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या हिंदी अवताराचे कामही सप्रे यांनाच मिळाले. चिंतामणराव वैद्य यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी हिंदीत आणला. माफी देऊन सुटलेल्या अनुयायाच्या हाती टिळकांनी आपला मुख्य ग्रंथ सोपविला, यावरून त्या माफीकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले याचा अंदाज बांधता येतो. अनुवाद हे सप्रे यांचे वनवासातले काम मानले जाते. वस्तुतः हिंदी मुलखात टिळकपक्षाचा जो वैचारिक पाया तयार झाला, तो या वनवासातच तयार झाला. सरकार वर्तमानपत्रे वाचत होते, ‘दासबोधा’वर त्याचे लक्ष नव्हते.

पुन्हा जाहीर कार्यात उतरले तेव्हा सप्रे यांनी केंद्र निवडले ते जबलपूर. पहिले महायुद्ध संपले होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार प्रांतिक कायदेमंडळे वाढणार होती, मर्यादित का होईना मतदार निर्माण होणार होता. ज्याला मत आहे त्याला वळविणे आवश्यक असते, म्हणून प्रत्येक गट आपापल्या पत्राची तजवीज करू लागला. नागपुरात गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ‘हितवाद’ १९११ पासून नेमस्तांची बाजू मांडत होते आणि गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून टिळकपक्षाची. हिंदी जिल्ह्यांत मात्र पोकळी होती. ती भरण्यासाठी सप्रे आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद राहिलेले पंडित विष्णुदत्त शुक्ल यांनी पुढाकार घेतला. ‘राष्ट्रीय सेवा लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी उभी राहिली आणि १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुरातून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. संपादकपदी खांडव्याचे तरुण कवी माखनलाल चतुर्वेदी यांना बसविण्यात आले. सप्रे स्वतः मागे राहिले. एकदा माफी दिलेल्या माणसाचे नाव पत्राच्या माथ्यावर नसावे, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

कंपनीचे हे रूप लक्षात घेण्याजोगे आहे. मित्रांचे पत्र तोट्याने बुडाले, नेत्याचे पत्र नेत्याबरोबर बुडाले. आता मालकी अनेकांत वाटून टाकावी म्हणजे एकाचा खिसा रिकामा झाला किंवा एकाला कैद झाली तरी पत्र टिकेल, असा हा हिशेब दिसतो. १९१० च्या मुद्रण कायद्याखाली नव्या पत्राकडून जामीनरक्कम मागण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला होता आणि ती जप्त करण्याची मुभा सरकारला होती. त्या संदर्भातली एक हकीकत चतुर्वेदी यांच्या चरित्रांत येते. पत्राचे निवेदन दाखल करताना उपजीविकेसाठी साप्ताहिक काढायचे आहे, अशा अर्थाचा निरुपद्रवी मजकूर बरोबर देण्यात आला होता. चतुर्वेदी तो खिशात घेऊन जबलपूरचे दंडाधिकारी मिथाइस यांच्यासमोर उभे राहिले. शहरात एक इंग्रजी साप्ताहिक असताना दुसरे कशाला, असे साहेबाने विचारले. तेव्हा खिशातला कागद बाहेर न काढता, ते पत्र फारच मवाळ आहे आणि आपल्याला राज्यकारभाराला अडखळायला लावणारे पत्र काढायचे आहे, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. साहेबाने जामीन न मागता परवानगी दिली. शासकीय सेवेतील वाचकांना यातले मर्म कळेल. कायद्याने दिलेला अधिकार वापरायचा की नाही, हे पुष्कळदा समोरच्या माणसाच्या बोलण्यावर ठरते. त्याची नोंद फाइलवर होत नाही.

सहा महिन्यांतच ‘कर्मवीर’ची परीक्षा झाली. सागरजवळ रतौना येथे मोठा कत्तलखाना उभारण्याची योजना सरकारने मान्य केली होती. तो चालविणार होती डेव्हनपोर्ट कंपनी, आणि डोळा होता कातडी व मांस यांच्या व्यापारावर. आगगाडीच्या प्रवासात ‘पायोनियर’ पत्रातील जाहिरात चतुर्वेदी यांच्या दृष्टीस पडली. पुढचा प्रवास रद्द करून ते जबलपूरला परतले आणि जुलै १९२० पासून ‘कर्मवीर’ने मोहीम उघडली. हा प्रश्न केवळ गोरक्षणाचा करून टाकणे सोपे होते आणि तसे केले असते तर शहरात हिंदू-मुसलमान तेढ माजवून योजना रेटणे सरकारलाही सोपे झाले असते. ‘कर्मवीर’ने शेतीच्या जनावरांचा, खेड्यांच्या अर्थव्यवस्थेचा आणि परदेशी भांडवलाचा मुद्दा पुढे केला. जबलपूरच्या उर्दू ‘ताज’ या पत्राने त्याच बाजूने लेखणी चालविली. मुसलमान कार्यकर्ते चळवळीत अग्रभागी राहिले. खिलाफतीचे दिवस होते, हे खरे. पण दोन भाषांतील दोन पत्रांनी एकाच कंपनीविरुद्ध एकत्र येणे ही गोष्ट खिलाफतीच्या लाटेने आपोआप घडत नसते. त्याच वर्षी सरकारने योजना मागे घेतली.

चौदा वर्षांपूर्वी, १९०६ मध्ये, शिकागोच्या कत्तलखान्यांवर अप्टन सिंक्लेअर यांनी लिहिलेल्या कादंबरीने अमेरिकेत असेच वादळ उठवले होते. तेथे मांस-उद्योगाचा गट सामर्थ्यवान होता, काँग्रेसमध्ये त्याचे हितचिंतक होते. तरीही वाचकांच्या संतापाची दखल अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना घ्यावी लागली आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. शिकागोत उद्योग राहिला, त्याला नियम लागले. रतौनात उद्योगच गेला. मतदार असलेल्या देशात लोकमताचे रूपांतर विधेयकात होते, तेथे घासाघीस होते, दोन्ही बाजूंना काही मिळते. मतदार नसलेल्या देशात लोकमतापुढे एक तर सरकार हटते नाहीतर लाठी चालवते. मधली जागाच नसते. ‘कर्मवीर’चा विजय मोठा होता, पण त्या विजयातून नियम निर्माण झाला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९२० मध्ये, नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली आणि पक्षाचे प्रांत भाषेच्या पायावर आखले. मध्य प्रांताचे पक्षदृष्ट्या तुकडे झाले. हिंदी जिल्ह्यांच्या प्रांतिक समितीचे केंद्र जबलपूर, मराठी जिल्ह्यांचे नागपूर आणि वऱ्हाडचे अमरावती. सरकारी प्रांत एक, पक्षाचे प्रांत तीन. हा निर्णय लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच होता, कारण लोकांशी त्यांच्या भाषेत बोलल्यावाचून चळवळ खेड्यात जात नाही. परंतु ज्यांचे घर एका भाषेत आणि कार्य दुसऱ्या भाषेत होते, त्यांची या आखणीने कोंडी केली. नागपूरच्या मराठी राजकारणात सप्रे हिंदीवाले ठरले आणि जबलपूरच्या हिंदी राजकारणात ते वडीलधारे असले तरी त्यांच्यामागे पक्षातला कोणताही गट उभा नव्हता. पक्षाला मार्गदर्शकापेक्षा गटाची गरज अधिक असते. महाराष्ट्राने त्यांना विसरण्याची प्रक्रिया येथे सुरू झाली, असे माझे मत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात घातले, तेव्हा पक्षाने छत्तीस वर्षांपूर्वी आखलेल्या रेषेवर सरकारने शाई फिरविली, एवढेच.

१९२१ मध्ये बिलासपूरच्या भाषणावरून चतुर्वेदी यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. मालकी वाटून दिल्याने पत्र वाचेल हा हिशेब अर्धाच खरा ठरला. जबलपूरचा ‘कर्मवीर’ पुढे थांबला आणि एप्रिल १९२५ मध्ये चतुर्वेदी यांनी तो खांडव्याहून नव्याने सुरू केला. याच काळात सप्रे यांनी आणखी एक वाट चोखाळली होती. जबलपूरचे सर्वांत धनाढ्य घराणे राजा गोकुळदास यांचे. सावकारी, मालगुजारी आणि गिरणी अशी तिहेरी संपत्ती या घरात होती. त्या घरातील तरुण सेठ गोविंददास यांना सप्रे यांच्या सहवासाने साहित्याची आणि राजकारणाची दिशा दिली. राष्ट्रीय हिंदी मंदिर आणि ‘श्रीशारदा’ हे मासिक या संबंधातून आकाराला आले. वीस वर्षांपूर्वी विधवेची झोपडी गिळणाऱ्या जमीनदारावर कथा लिहिणारा लेखक आता मालगुजाराच्या वारसाला राष्ट्रकार्यात आणत होता. यात विसंगती आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण जबलपुरात छापखान्याला लागणारा पैसा दुसरीकडे होता कुठे? गोविंददास असहकारितेत उतरले, तुरुंगात गेले, घटना समितीत हिंदीचा आग्रह धरणाऱ्यांत अग्रभागी राहिले आणि पहिल्या लोकसभेपासून १९७४ साली निधन होईपर्यंत सभागृहात होते. हिंदीच्या प्रश्नावर संसदेत जो दबावगट अनेक वर्षे प्रभावी राहिला, त्याच्या एका प्रमुखाची उमेदवारी एका मराठी संपादकापाशी झाली होती. मराठी खासदारांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

सप्रे यांच्या अखेरच्या वर्षांत मध्य प्रांताने पक्षराजकारणाचा एक विलक्षण प्रयोग पाहिला. १९२३ च्या मार्च महिन्यात जबलपूरच्या टाउन हॉलवर तिरंगा चढला, पोलिसांनी तो उतरविला आणि त्यातून उद्भवलेला झेंडा सत्याग्रह नागपूरला जाऊन देशव्यापी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकांत स्वराज्य पक्षाला या प्रांताच्या कायदेमंडळात निर्भेळ बहुमत मिळाले, जे अन्य कोणत्याही प्रांतात मिळाले नाही. बहुमत असूनही पक्षाने मंत्रिपदे घेतली नाहीत. १९२४ मध्ये अंदाजपत्रक फेटाळले गेले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरविण्यात आला. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव खाती आपल्या हाती घ्यावी लागली. संसदीय अडवणुकीचे इतके परिपूर्ण उदाहरण आजच्या गोंधळी अधिवेशनांतही सापडत नाही. आता लढा सभागृहात होता, मतांची मोजणी होती आणि वृत्तपत्रांकडे पक्षादेश समजावून सांगण्याचे काम आले होते. सप्रे या धुमाळीपासून दूर होते. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मराठी मातृभाषा असलेल्या माणसाला हिंदी जगताने दिलेला तो सर्वोच्च मान होता.

ऑक्टोबर १९२५ मध्ये कायदेमंडळाचे स्वराज्यवादी अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरू संतापले, मुंजे, केळकर आणि जयकर यांनी प्रतियोगी सहकारितेचा झेंडा उभारला आणि पक्ष फुटला. नागपूर-पुण्याची मराठी पत्रे बहुतांशी मुंजे-केळकरांच्या बाजूला गेली, हिंदी जिल्ह्यांतील राष्ट्रीय पत्रांचा कल गांधी-नेहरूंकडे राहिला. सप्रे यांनी पंचवीस वर्षे ज्या दोन भाषांमध्ये ने-आण केली होती, त्या आता दोन पक्षांच्या भाषा झाल्या. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वय पंचावन्नाच्या आत होते. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. भोपाळमध्ये १९८४ साली त्यांच्या नावाने वृत्तपत्र संग्रहालय स्थापन झाले. जुन्या पत्रांच्या हजारो अंकांचे जतन तेथे होते. विद्यापीठांचे संशोधक त्याचा लाभ घेतात. रतौनाच्या मोहिमेचा किंवा १९०७ च्या नागपुरातील फुटीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आरंभ तेथूनच करावा लागेल, कारण सरकारी दप्तरांत पत्रांवरचे खटले आहेत, पण ते खटले ज्या मजकुरामुळे झाले त्याची भाषा समजून घ्यायची तर अंकच उघडावे लागतात.